काळ्या दगडांतील निळा स्फटिक

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली गाडी आकुर्डी सोडून देहूरोडला येते, तेथें डब्यांतून खालीं पाहिलें तर रुळांखालीं काळी खडी दिसते. गाडी आणखी थोडी पुढें जाऊन घोरावाडीपाशीं आली कीं शेलारवाडीच्या डोंगरांत कोरलेलीं प्राचीन बौद्ध लेणीं आहेत. तींही याच काळ्या दगडांतलीं. देहूरोडचें नांव निघालें म्हणजे कोणास लष्कराचीं कोठारें आठवतात, कोणास जवळचें तुकोबांचें देहू, तर कोणास २५ डिसेंबर १९५४ हा दिवस, ज्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथें बुद्धमूर्तीची स्थापना केली. दगड मात्र कोणास आठवत नाहीं. जी वस्तु पायाखालीं अष्टौप्रहर असते तिच्याकडे पाहण्याचें मनुष्यास सहसा सुचत नाहीं.

मराठी भाषेनेंही या दगडाचें कधीं कौतुक केलें नाहीं. मंदबुद्धि मुलाला दगड म्हणावयाचें, कठोर हृदयाला दगडाची उपमा द्यावयाची, आणि अशक्य गोष्ट सांगावयाची झाली तर दगडाला पाझर फुटला असें म्हणावयाचें, ही आपली रीत. गंमत अशी कीं या शेवटच्या वाक्प्रचारांत जी गोष्ट अशक्य मानली आहे तीच महाराष्ट्राच्या दगडाच्या बाबतींत अक्षरशः खरी आहे. या दगडाला पाझर फुटलेला आहे. आणि त्या पाझरांतून, देहूरोडपासून पुणें ओलांडून पलीकडे नगर रस्त्यावर वाघोलीच्या खाणींत, एक असा निळा स्फटिक जन्मास आला आहे कीं त्याच्या तोडीचा नमुना पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे मिळत नाहीं. त्याचें नांव कॅव्हन्साइट. पुण्याच्या सुशिक्षित घरांतून हें नांव फारसें ऐकूं येत नाहीं. अमेरिकेंतील आणि जर्मनींतील स्फटिकसंग्राहकांच्या घरीं मात्र या नांवाबरोबर पुण्याचें नांव हटकून घेतलें जातें.

निळ्या रत्नाची ओढ आपल्या लोकांस नवी नाहीं. नवरत्नांत नीलाचें स्थान ठरलेलें आहे आणि तें शनीचें रत्न म्हणून त्याचा जितका लोभ तितकाच धाकही. नीलम लाभला तर रंकाचा राव करतो आणि न लाभला तर होत्याचें नव्हतें करतो, अशी समजूत अजून घरोघर आढळते. म्हणून तो अंगठींत बसविण्यापूर्वीं कांहीं रात्रीं उशाखालीं ठेवून स्वप्नें कशीं पडतात तें पाहण्याची चाल आहे. जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांतून इंद्रनील आणि महानील असे भेद सांगितले आहेत, आणि महानील दुधांत ठेविला असतां दुधासही निळी झाक येते अशी त्याची परीक्षा दिली आहे. ही परीक्षा प्रत्यक्ष कोणी करून पाहिली असेल कीं नाहीं याची शंका येते. परंतु निळ्या रंगानें मनुष्याच्या कल्पनेस केवढें वेड लावलें होतें, याची साक्ष म्हणून ती मोलाची आहे.

याचें कारण उघड आहे. निळा रंग डोक्यावर आकाशभर पसरलेला असला तरी हातांत धरतां येईल असा तो निसर्गांत फार थोडा. लाल, पिवळी, तांबूस माती जागोजाग आहे, हिरव्या रंगास तर सीमाच नाहीं. परंतु निळा दगड म्हटला कीं मोजकीं नांवें पुढें येतात. काश्मीरांतील पाडर भागांत सुमजामजवळ सुमारें १८८१ सालीं दरड कोसळून नीलमाची खाण उघडी पडली, तेव्हां त्या निर्जन, हिमाच्छादित जागीं महाराजांस पहारे बसवावे लागले. आणि सात-आठ वर्षांतच त्या पहिल्या खाणींतला उत्तम माल संपुष्टांत आला. तरीहि 'काश्मिरी नीलम' हे शब्द जगाच्या जवाहिर बाजारांत अजून मंत्रासारखे उच्चारले जातात. सात-आठ वर्षांची खाण आणि शतकाहून अधिक टिकलेली कीर्ति, असें निळ्या रंगाचें गणित आहे.

वाघोलीचा निळा स्फटिक मात्र या नीलमाच्या कुळांतला नव्हे, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. नीलम म्हणजे अॅल्युमिनियम आणि प्राणवायु यांचें संयुग. त्यांत लोह व टायटॅनियम यांचा लेश शिरला म्हणजे तो निळा होतो. त्याचें काठिण्य हिऱ्याच्या खालोखाल, म्हणजे दहांपैकीं नऊ. कॅव्हन्साइटचें काठिण्य तीन ते चार. चाकूच्या टोकानें त्यावर सहज ओरखडा निघतो. तो अंगठींत बसविला तर धुणींभांडीं दूरच, रोजच्या साध्या वापरांतही त्याचा चुरा होईल. म्हणून कोणी शनीचा खडा म्हणून तो विकूं लागला तर घेणाऱ्यानें फसूं नये. याचें सौंदर्य पैलू पाडून वाढणारें नाहीं. तो जसा खडकांत उगवला तसाच पाहण्याची वस्तु आहे.

आणि तो उगवतो हाच शब्द त्याला शोभतो. काळसर दगडाची एक पोकळी; तिच्या आंतल्या बाजूस पांढऱ्या किंवा फिकट मोतिया रंगाच्या स्टिल्बाइटच्या चकचकीत पाकळ्या; आणि त्या पांढऱ्या शय्येवर गडद निळ्या सुयांचे गोल झुबके, कांहीं मोहरीएवढे, कांहीं बोराएवढे. प्रत्येक झुबका मध्यबिंदूपासून चहूंकडे फुटलेल्या सूक्ष्म स्फटिकांचा. रंग गोकर्णीच्या फुलाचा म्हणावा तर त्याहून तेजस्वी, मोराच्या मानेचा म्हणावा तर त्याहून शुद्ध. पहिल्यानें पाहणाराला हा मोरचुदाचा खडा असावा असें वाटतें. मोरचूद पाण्यांत विरघळतो; हा हजारों पावसाळे खडकांत राहूनही विरघळलेला नसतो.

हा निळा रंग येतो कोठून, याचें उत्तर नांवांतच दडलेलें आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन मूलद्रव्यांच्या इंग्रजी नांवांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव घडविलें आहे. तिघांपैकीं चुना आणि वाळू यांच्या पोटांत असणारीं दोन द्रव्यें आपल्या परिचयाचीं. रंगाचा धनी आहे तो तिसरा, व्हॅनेडियम. या धातूचा इतिहासच मोठा चमत्कारिक आहे. मेक्सिकोंत आन्द्रेस मानुएल देल रिओ या स्पॅनिश खनिजशास्त्रज्ञास १८०१ सालीं शिशाच्या एका खनिजांत तो प्रथम आढळला. त्याच्या क्षारांचे नाना रंग पाहून त्यानें त्याला 'सर्वरंगी' अशा अर्थाचें नांव दिलें. पुढें हुम्बोल्टच्या हातीं नमुना युरोपास गेला. तेथें एका फ्रेंच रसायनज्ञानें हें नवें मूलद्रव्य नसून अशुद्ध क्रोमियम आहे असा निर्वाळा दिला, आणि बिचाऱ्या देल रिओनें आपला दावा मागें घेतला. १८३० सालीं स्वीडनमध्यें सेफस्ट्रम यास लोखंडाच्या खनिजांत तोच धातु पुन्हां सांपडला. त्याच्या रंगीत क्षारांकडे पाहून त्यास उत्तरेकडील पुराणांतली सौंदर्यदेवता फ्रेया हिच्या वानाडिस या नांवावरून नांव मिळालें. दोन्ही शोध एकाच मूलद्रव्याचे होते हें लवकरच जर्मन रसायनज्ञ वोलर यानें दाखवून दिलें. देल रिओचा शोध खरा ठरला, परंतु नांव दुसऱ्यानें दिलेलेंच राहिलें. हा धातु एका अवस्थेंत पिवळा, एकींत निळा, एकींत हिरवा आणि एकींत जांभळा रंग देतो. वाघोलीच्या स्फटिकांत तो निळ्या अवस्थेंत बंदिस्त झालेला आहे.

हा धातु आपल्या काळ्या दगडांत आहेच, पण दहा लाख भागांत कांहीं शें भाग इतकाच. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूपृष्ठास भेगा पडून लाव्हारसाचे लोट एकामागून एक पसरले आणि थिजले. आजही त्यांचा पसारा पांच लक्ष चौरस किलोमीटरच्या घरांत आहे; १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर याच थरांच्या चळतीचा माथा. लाव्हा थिजतांना त्यांतील वायूचे बुडबुडे जागच्या जागीं अडकले. खालचा थर घट्ट आणि वरचा सच्छिद्र असा प्रकार झाला. पाथरवट आणि विहिरी खणणारे लोक हा भेद शास्त्रज्ञांच्या आधींपासून जाणतात; घट्ट तो काळा पाषाण आणि मऊ, भोंकाभोंकांचा तो मांजऱ्या, असें ते म्हणतात. बांधकामाला पाषाण चांगला आणि पाण्याला मांजऱ्या चांगला, हें त्यांचें पिढीजाद ज्ञान. याच भोंकांतून पुढें लक्षावधि वर्षें उष्ण, क्षारयुक्त पाणी झिरपत राहिलें. तें जातां जातां दगडांतलीं द्रव्यें विरघळवून घेई आणि पोकळी भेटली कीं तेथें निवांतपणें स्फटिकरूपानें ठेवून देई. दगडाला फुटलेला पाझर तो हाच.

अशा पोकळ्यांतून जे स्फटिक तयार झाले त्यांत झिओलाइट म्हणून एक मोठें कुटुंब आहे. हें नांव स्वीडनच्या क्रोनस्टेट यानें १७५६ सालीं दिलें. फुंकनळीच्या ज्वाळेंत धरलें असतां आंतलें पाणी सुटून हे दगड उकळल्यासारखे फसफसत, म्हणून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे ग्रीक शब्द त्यानें जोडले. दक्षिणेंतील दगडांत हे स्फटिक विपुल आहेत हें युरोपियनांच्या लक्षांत येण्यास फार काळ लागला नाहीं. मुंबई सरकारनें १८२४ सालीं प्रांताची गणना आणि पाहणी करण्यास नेमलेला कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनच्या गांवोगांव हिंडला. पिकें, पक्षी, मासे, वजनें-मापें अशा सर्व गोष्टींबरोबर त्यानें दगडही टिपले, आणि दख्खनच्या भूरचनेवरील त्याचा निबंध १८३६ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या ग्रंथमालेंत छापून आला. आपल्या पूर्वजांनीं त्याच दगडांत लेणीं कोरलीं, किल्ले बांधले, तळघरें खोदलीं; वाटेंत चकाकणारे स्फटिक त्यांच्या नजरेस पडले नसतील असें म्हणवत नाहीं. परंतु चमकणाऱ्या दगडाला 'गारगोटी' म्हणून बाजूस सारण्याची आपली संवय. 'हिरा तो हिरा, गार ती गार' ही म्हण ज्या समाजांत रूढ झाली, तेथें गारेकडे दुसऱ्यांदा कोण पाहणार?

गारेकडे पाहावयास लावलें तें आगगाडीनें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा खंडाळा ते पुणें हा भाग १८५८ सालीं सुरू झाला, आणि आजच्या देहूरोडवरून गाडी धांवूं लागली ती तेव्हांपासून. परंतु मधला बोरघाट अजून फोडावयाचा होता. उतारू घाटाच्या पायथ्याशीं उतरत, पालखी-तट्टूंनीं घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडींत बसत. घाटाचें काम मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली याच्या आंखणीप्रमाणें चाललें होतें. पहिल्या ठेकेदाराच्या हातून तें सुटल्यावर १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि कांहीं आठवड्यांच्या आंतच आजारानें वारला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल परत न जातां ठेका स्वतःच्या नांवें घेऊन बसली, आणि दोन अनुभवी इंजिनियरांच्या मदतीनें तिनें तो तडीस नेला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल आणि एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर, असा तो पसारा. पटकी, ताप आणि सुरुंग यांनीं त्या मजुरांपैकीं हजारों बळी घेतले. १८६३ सालीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्तें घाटाचें उद्‌घाटन झालें. त्याच्या भाषणाची नोंद झाली, मेलेल्यांच्या नांवांची झाली नाहीं.

या सुरुंगांनीं डोंगराचें पोट उघडें पडलें, तेव्हां त्याच्या पोकळ्यांतून अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलॅन्डाइट यांचे असे टपोरे स्फटिक बाहेर आले कीं युरोपांतल्या संग्रहालयांनीं ते हातोहात उचलले. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत बोरघाटाचे जुने नमुने आहेत. नव्या रस्त्यासाठीं, लोहमार्गासाठीं किंवा शहरासाठीं डोंगर फोडावयाचा आणि त्यांतून निघालेलें सौंदर्य दूर कोठें तरी जाऊन कांचेच्या कपाटांत बसावयाचें, हा क्रम तेव्हांपासून सुरू झाला तो पुढें शंभर वर्षें तसाच चालला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या पश्चिमेस पाषाण टेकडीच्या खाणींतून हिरव्या अपोफिलाइटचे स्फटिक निघाले. गांवाचें नांवच पाषाण. त्यानें आपलें नांव इतक्या सुंदर रीतीनें सार्थ करावें, हा योगायोग मौजेचा खरा.

आतां निळ्या स्फटिकाकडे वळूं. त्याचा पहिला शोध आपल्या देशांत लागला नाहीं. अमेरिकेच्या ओरेगन संस्थानांत, ओवायही धरणाच्या परिसरांत आणि गोबल या गांवाजवळ, १९६० नंतरच्या दशकांत ज्वालामुखीजन्य खडकांत निळे सूक्ष्म स्फटिक आढळले. स्टेपल्स, इव्हान्स आणि लिंडसे या तिघांनीं त्यांचें पृथक्करण करून १९७३ सालीं नव्या खनिजाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच वेळीं त्यांना असें आढळलें कीं एकाच रासायनिक घटनेचीं येथें दोन खनिजें आहेत. द्रव्य तेंच, प्रमाण तेंच, परंतु अणूंची रचना निराळी. एकास त्यांनीं कॅव्हन्साइट म्हटलें. दुसऱ्याचे स्फटिक पांच-पांच जुळून ताऱ्यासारखी आकृति करीत, म्हणून त्यास पेंटॅगोनाइट हें नांव दिलें. ओरेगनचे हे नमुने इतके चिमुकले आणि इतके थोडे कीं भिंगावांचून त्यांचें सौंदर्य कळणें कठीण. पंधरा वर्षें हें खनिज तज्ज्ञांच्या यादींतली एक दुर्मिळ नोंद होऊन राहिलें.

आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाघोली पुढें आली. पुण्याच्या ईशान्येस कोस-पांच कोसांवरचें हें गांव इतिहासास अपरिचित नाहीं. शाहू छत्रपतींच्या काळांतले सरदार पिलाजीराव जाधवराव यांचें हें ठिकाण. वाघेश्वराचें दगडी देऊळ आणि जाधवरावांची समाधि तेथें आजही आहे. परंतु वाढत्या पुण्याला वाघोली हवी होती ती खडीसाठीं. माळावर दगडाच्या खाणी पडल्या. सुरुंग लावावयाचा, मोठाले धोंडे घणानें फोडावयाचे, क्रशरच्या जबड्यांत लोटावयाचे आणि ट्रकांत भरून शहराकडे धाडावयाचे, हिशेब ब्रासवर. एका ब्रासांत शंभर घनफूट. या हिशेबांत स्फटिकाला रकाना नव्हता.

अशा खाणींपैकीं अगदीं मोजक्या, एकमेकींस लागून असलेल्या खाणींत, घट्ट पाषाणाच्या थरांत सांपडणाऱ्या एका भग्न, ठिसूळ, तुकड्यातुकड्यांच्या खडकाच्या पट्ट्यांत निळे झुबके निघाले. ओरेगनमध्यें जें भिंगाखालीं पाहावें लागे तें येथें बोटाच्या पेरावर ठेवून पाहतां येऊं लागलें. १९८९ सालीं जर्मन संग्राहकांच्या मासिकांत त्याचें वृत्त आलें. १९९१ सालीं रुस्तम कोठावाला यांनीं अमेरिकेंतील खनिजशास्त्रीय नियतकालिकांत वाघोलीच्या जागेचें वर्णन लिहिलें. पुढें त्याच परिसरांत पेंटॅगोनाइटही मिळालें, आणि ओरेगनमध्यें जन्मलेलीं तीं जुळीं भावंडें येथें भीमा-मुळेच्या खोऱ्यांत पुन्हां एकत्र आलीं. दक्षिण ब्राझीलसारख्या एक-दोन ठिकाणीं कॅव्हन्साइटचा अल्पसा ठाव लागला आहे, परंतु मोठा, भरघोस, डोळ्यांस सुखविणारा नमुना म्हटला कीं तो वाघोलीचाच. आसपास त्याच काळ्या दगडाच्या शेंकडों खाणी आहेत. देहूरोडच्या बाजूस मोशीलाही आहेत. तेथें तो कां निघूं नये? व्हॅनेडियम सर्वत्र थोडाथोडा असतांना याच एका जागीं त्याचा असा संचय कां व्हावा? उष्ण पाण्याचे प्रवाह याच भग्न पट्ट्यांतून अधिक काळ खेळले असावेत, असा तर्क सर्वांत सयुक्तिक दिसतो.

या स्फटिकाची खरी कथा मात्र शास्त्राच्या नोंदवहींत संपत नाहीं. वाघोलीच्या खाणींत राबणारे बहुतेक लोक वडार समाजाचे आणि दुष्काळी भागांतून पोटासाठीं आलेले. दगड फोडणें हा ज्यांचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा, ज्यांच्या पूर्वजांच्या घणांनीं गड, घाट आणि धरणें उभीं केलीं, त्यांच्याच नजरेस हा निळा रंग प्रथम पडला. सुरुंगाचा धूर बसल्यावर धोंड्याच्या फटींत कांहीं निळें चमकलें तर तो धोंडा क्रशरकडे जाण्यापूर्वीं बाजूस काढणें, पोकळी न फुटतां छिन्नीनें तिच्या भोंवतालचा दगड उतरविणें, हें काम विद्यापीठांत शिकवीत नाहींत. तेथें एक घाव चुकला कीं लक्षावधि वर्षांचा स्फटिक निळी भुकटी होतो. त्या हातोटीचें मोल फोडणाराच्या पदरांत किती पडलें असेल? नमुना एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो, गांवांतून शहरांतल्या व्यापाऱ्याकडे, तेथून अॅरिझोनांतल्या टूसॉन येथें दर वर्षीं फेब्रुवारींत भरणाऱ्या स्फटिकांच्या जत्रेंत; आणि प्रत्येक पायरीवर किंमत चढते, पहिली पायरी सोडून. 'संतुलन' या संस्थेनें खाणकामगारांच्या मुलांसाठीं खाणींवरच 'पाषाण शाळा' चालविल्या, ही या काळ्या कथेंतली एक उजळ गोष्ट म्हणून सांगितली पाहिजे.

दुसरी हानि ज्ञानाची आहे आणि ती कोणाच्या सहज ध्यानांत येत नाहीं. स्फटिकाची किंमत त्याच्या रंगांत असते, पण त्याचा अर्थ त्याच्या जागेंत असतो. तो कोणत्या खाणींत, किती खोलीवर, कोणत्या थरांत, कोणत्या सोबत्यांबरोबर निघाला हें कळलें तरच त्याच्यापासून पृथ्वीच्या इतिहासाचें एखादें पान वाचतां येतें. परंतु माल कोठून येतो तें प्रतिस्पर्ध्यास कळूं नये म्हणून व्यापारी जागेचें नांव झांकतो. परदेशांतील कितीतरी कपाटांत दख्खनच्या स्फटिकांखालीं केवळ 'पूना' एवढेंच लिहिलेलें असतें. मग तो पाषाणचा असो, बोरघाटाचा असो, किंवा त्याहून दूरच्या एखाद्या विहिरींतला असो. साइक्सच्या काळांत निदान गांवाचें नांव विचारून लिहीत. आज साधनें शतपट वाढलीं असतां चिठ्ठीवरचें नांव आखूड झालें आहे. मनुष्यानें घडविलेल्या जुन्या मूर्ति आणि नाणीं यांच्यासाठीं आपल्या देशांत १९७२ चा कायदा आहे. साडेसहा कोटि वर्षांच्या दगडांतला स्फटिक त्यांत बसत नाहीं. सरकारच्या लेखीं तो ज्या धोंड्यांतून निघाला तो धोंडा गौण खनिज, आणि त्यावर स्वामित्वधन ब्रासच्या हिशेबानें.

कांहीं लोक असा युक्तिवाद करतात कीं व्यापारी नसते तर हे स्फटिक क्रशरच्या जबड्यांतच गेले असते, आणि परदेशांत का होईना, ते वांचले तरी. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. बोरघाटाचे नमुने लंडनला गेले नसते तर आज ते कोठेंच नसते. परंतु ज्या जिल्ह्यांत ही वस्तु निघते तेथल्या शाळकरी मुलानें ती पाहिली नसावी, हें त्या युक्तिवादाचें समर्थन होऊं शकत नाहीं. सिन्नर येथील 'गारगोटी' संग्रहालयासारख्या खाजगी प्रयत्नानें दख्खनच्या स्फटिकांचा मोठा संग्रह महाराष्ट्रांतच पाहावयास मिळूं लागला आहे, ही समाधानाची गोष्ट. आणि त्याचें नांव! ज्या शब्दानें आपण हे दगड शतकानुशतकें फेंकून दिले, तोच शब्द तेथें दारावर मिरवतो आहे.

वाघोली २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झाली. खाणींच्या भोंवतीं आतां उंच इमारती आल्या आहेत. ज्या माळावरून खडी निघाली त्याच माळावर ती कॉंक्रीट होऊन परत उभी राहिली आहे. सोडून दिलेल्या खाणींत पावसाळ्यांत पाणी सांचतें आणि त्याखालीं तो ठिसूळ खडकाचा पट्टा झांकला जातो. त्यांत अजून किती पोकळ्या बंद आहेत तें वरून कळण्यास मार्ग नाहीं. मार्च-एप्रिलांत पाणी आटलें कीं कडा पुन्हां उघडा पडतो. काळा थर, त्याखालीं तांबूस-करडा भग्न थर, पुन्हां काळा थर, आणि मधल्या थरांत, ज्याला कोठें पाहावयाचें हें माहीत आहे त्याला, एखादा निळा ठिपका.